मारबत्यांचं रक्त

१३ ऑक्टोबर, रविवार

रीता मॅडमनी सांगितलं, रोज काय खाल्लं ते एका वहीत लिहून ठेवा. वही आहे, डेपोच्या साहेबांनी दिवाळीला दिलेली, मागच्या वर्षीची. पण नुसतं "दोन पोळ्या, वरण, भात" लिहिताना हात थांबेना, म्हणून बाकीचंही लिहिते आहे. कोणी वाचणार नाही. नवऱ्याला, प्रवीणला, वाचायचा कंटाळा आणि लेकीला, डिंपलला, माझं अक्षर लागत नाही.

झालं असं की मागच्या महिन्यात आगारात सगळ्या ड्रायव्हर-कंडक्टरांची तपासणी झाली. रक्त घेतलं. आठ दिवसांनी साहेबांनी बोलावून कागद हातात दिला. वाईट कोलेस्टेरॉल २७१. शंभराच्या आसपास असावं म्हणे. मला वाटलं कागद अदलाबदल झाला. आमच्या बोरकर ड्रायव्हरचं पोट स्टिअरिंगला टेकतं, त्यांचं नॉर्मल. मी अठ्ठेचाळीस किलोची. अकरा वर्षं उभ्यानं तिकिटं फाडते, आता मशीननं काढते, आणि कोलेस्टेरॉल मला!

दुसऱ्यांदा रक्त दिलं. २६८.

मग आज सरकारी दवाखान्यात नागपूरच्या डॉक्टरांचं पथक आलं होतं, त्यांना दाखवलं. ते असल्या घराण्यातून येणाऱ्या आजारावर संशोधन करतात, तपासणी फुकट. डॉक्टरांनी आधी माझ्या डोळ्यांकडे पाहिलं. पापण्यांच्या कोपऱ्यात माझे पिवळसर डाग आहेत. लहानपणी आई म्हणायची, "रंजू, हे सोन्याचे थेंब हायेत, तुह्या बापाले बी होते." डॉक्टर म्हणाले, हे सोनं नाही, चरबी आहे. मग चप्पल काढायला लावून टाचेच्या वरची शीर चिमटीत धरली. ती माझी जाडच आहे, मला वाटायचं उभं राहून राहून झाली. तीही चरबीच.

रीता मॅडम त्यांच्यातल्याच. डॉक्टर नाहीत, पण सगळं समजावून सांगायचं काम त्यांचं. मोठा चष्मा, आवाज लहान. त्यांनी विचारलं, "घरात कोणी कमी वयात गेलं का?"

मी म्हटलं, "बाबा. एकोणचाळीसचे होते. पण ते आजारानं नाही गेले."

"मग?"

पुढं मी काही सांगितलं नाही. घरातल्या गोष्टी परक्या माणसाला काय सांगायच्या. मॅडमनी फक्त "एकोणचाळीस" लिहून घेतलं आणि नळीभर रक्त घेतलं. हे जनुकाच्या तपासणीला जाणार. उत्तर यायला सहा आठवडे.

खाल्लं: सकाळी पोहे, दुपारी वरण-भात, वांग्याची भाजी. आणि अर्धा आलुबोंडा. अर्धाच.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

गोळी सुरू झाली. देताना डॉक्टरांनी विचारलं, अजून मूल हवंय का, कारण तसं असेल तर ही गोळी चालत नाही. मी म्हटलं एक डिंपल दहा पोरांना भारी आहे. प्रवीण खाली मान घालून कानापर्यंत लाल.

माझ्या आजाराचा सगळ्यात मोठा विनोद म्हणजे माझा नवरा बसस्टँडसमोर आलुबोंडे तळतो. ब्रह्मपुरीत प्रवीणचा आलुबोंडा म्हटलं की वडसा-नागभीडचे लोक गाडी थांबवतात. तो म्हणतो, "लोकं मले हासतील ना वो. बोंडेवाल्याची बायको अन् कोलेस्टेरॉल." आज मात्र घरी आला तर डोळे सुजलेले, लालभडक. विचारलं तर म्हणे, "कांदे चिरत होतो." आलुबोंड्यात कांदा घालत नाही तो कधी. नवीन काही बनवायचा विचार असेल.

गाडीत आज दादाजी मारबते होते. लिहायला काय हरकत आहे, ते माझे सख्खे काका. मोहटोल्याच्या फाट्यावर चढतात, शेवटून दुसऱ्या सीटवर बसतात, नेमके सुटे पैसे देतात. मी तिकीट देते. बावीस वर्षांत एवढाच व्यवहार. ते ब्रह्मपुरीला राइस मिलमध्ये कामाला आहेत, पण मंगळवारी मिल बंद असते, आणि नेमके मंगळवारी, ज्या दिवशी माझी या गाडीवर ड्यूटी असते, ते हमखास येतात. स्टँडवर एक चहा पितात आणि माझ्याच परतीच्या गाडीनं फाट्यावर उतरून जातात. काय काम असतं देव जाणे. त्यांच्याकडे पाहायचं नाही असं आईनं शिकवलंय, म्हणून मी पाहत नाही.

खाल्लं: भात, आंबट वरण, चवळीची भाजी. बोंडा शून्य.

३ नोव्हेंबर, रविवार, भाऊबीज

मोहटोल्याला आईकडे. मला भाऊ नाही, म्हणून या दिवशी आईच मला चंद्राला ओवाळायला लावते.

मॅडमचा प्रश्न डोक्यात घोळत होता. आईला विचारलं, "बाबाले कधी काई दुखत होतं का?"

आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, "त्याले काय दुखंन? त्या दादाजीनं मारलं त्याले. तोंडानं मारलं."

ती गोष्ट मला पाठ आहे. मी चौदा वर्षांची होते. मामा तलावावर, म्हणजे मालगुजारांच्या वेळच्या गावतळ्यावर, मासेमारीच्या वाट्यावरून बाबा आणि काकांचं भांडण झालं. शंभर लोकांसमोर काका म्हणाले, "मरशीन तं तुले पाणी बी नाई पाजीन मी." तासाभरानं बाबा तलावाच्या पाळीवर पडले ते उठलेच नाहीत. त्या दिवसापासून आमच्या दोन घरांमध्ये भिंत. काकांनी जाळं कायमचं सोडलं आणि गिरणीत कामाला लागले. ढिवराचा, म्हणजे मासेमाराच्या जातीचा, माणूस पाणी सोडून भुशात गेला. आई म्हणायची, पाप टोचते त्याले, आणखी काय.

"अन् आबाजी?" मी विचारलं. आबाजी म्हणजे बाबांचे वडील.

"ते तं तुह्या बापाच्या लग्नाआधीच गेले. तळ्यात बुडाले. सातबहिणीनं नेलं." सातबहिणी म्हणजे तळ्यातल्या देव्या, आमच्याकडं म्हणतात त्या माणूस ओढून नेतात.

परतताना भिंतीपलीकडे अमर दिसला, काकांचा मुलगा. एकोणतीस वर्षांचा, हत्तीसारखा. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, नाटकांत खलनायकाचं काम करतो, पोस्टरवर त्याच्या मिशांना वेगळा चौकोन असतो. त्यानं मला पाहून हात अर्धा वर केला आणि डोकं खाजवलं. मीही पदर नीट केला आणि निघाले.

खाल्लं: खूप. लिहीत नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

रिपोर्ट आला.

आईलाही बरोबर नेलं होतं, मॅडमनी आई-वडिलांपैकी जे असतील त्यांना आणा म्हटलं होतं. आईचंही रक्त मागच्या आठवड्यात तपासलं, एकदम साफ. प्रवीण बोंड्यांची गाडी बंद ठेवून आला.

मॅडम सांगू लागल्या. रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल यकृत उचलून घेतं. उचलायला त्याच्यावर बारीक बारीक दारं असतात. माझ्यात ती दारं बनवणाऱ्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडलेली आहे, जन्मापासून. म्हणून अर्धीच दारं चालतात.

मी म्हटलं, "म्हणजे मॅडम, स्टॉप सगळे आहेत, पण गाडी अर्ध्याच स्टॉपवर थांबते. बाकीचे प्रवासी रस्त्यावरच गर्दी करतात."

मॅडम चष्मा वर करून म्हणाल्या, "मी हे उद्यापासून असंच सांगणार आहे."

मग त्यांनी बाबांचं पुन्हा विचारलं आणि आईनं सांगून टाकलं, भांडण, पाळ, सगळं. मॅडमनी मधे एकदाही अडवलं नाही. आबाजींचं ऐकल्यावर एवढंच म्हणाल्या, "आई, ते मासेमार होते ना? पोहता येत होतं?"

आई म्हणाली, "मासोळीसारखं."

"मग बुडाले कसे?"

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या की आईच्या रक्तात हे नाही, म्हणजे माझ्यात आलं ते बाबांकडूनच असणार. उपचार नसलेल्या माणसाला चाळिशीच्या आधीही हृदयाचा झटका येऊ शकतो. बाबा भांडणानं गेले नाहीत असं शंभर टक्के कोणी सांगू शकत नाही, पण हा आजार त्यांच्या आत एकोणचाळीस वर्षं होता.

आईनं मग एकच प्रश्न तीनदा विचारला. पहिल्यांदा, "खाण्यानं होते का जी हे? मी त्याले तेलकट देत होती." नाही म्हटल्यावर, "कामानं होते का?" आणि मग, खिडकीकडे पाहत, "समजा एखाद्या माणसानं सकाळी म्हन्लं का छाती भरून आली, अन् घरच्यानं म्हन्लं का कामचुकारपणा नोको करू, जा. तं ज्यानं तसं म्हन्लं त्याच्यावर दोष येते का?"

मला कळेना काकांच्या भांडणात हे कुठून आलं. आई अलीकडे विषय भरकटवते, वयच झालं. पण मॅडमनी खुर्ची सोडून आईचे दोन्ही हात धरले. म्हणाल्या, "नाही येत आई. बावीस वर्षांपूर्वी मोहटोल्यातून त्यांना कुठं नेलं असतं? आणि कोणाला माहीत होतं?"

बसमध्ये आई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून फाट्यापर्यंत झोपली. एवढी गाढ झोपलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

महत्त्वाचं राहिलंच. हा दोष माझ्याकडून डिंपलमध्ये जाण्याची शक्यता निम्मी. नाणं उडवल्यासारखी. आणि बाबांचे भाऊ, त्यांची मुलं, सगळ्यांनी तपासायला हवं. मॅडमनी चिठ्ठी दिली. "तुमच्या काकांना तुम्हीच सांगा," म्हणाल्या. "वय सत्तावन्न, अजून एकदाही तपासलं नाही, त्यांना धोका सगळ्यात जास्त."

मी म्हटलं, आमचं बोलणं नाही.

"तिकीट तर देता ना?" मॅडम म्हणाल्या.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

काका फाट्यावर चढले. तिकिटाबरोबर चिठ्ठी द्यायचं ठरवलं होतं. "ब्रह्मपुरी," ते म्हणाले. मी तिकीट दिलं. चिठ्ठी खिशात. मी पुढच्या सीटपर्यंत गेले, परत आले.

म्हटलं, "सुटे आहेत का?" सुटे त्यांनी आधीच दिले होते.

ते म्हणाले, "दिले ना बाई."

बाई! सख्ख्या पुतणीला बाई. पण दुसरं काय म्हणतील. त्यांच्या डोळ्यांकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. काळ्या बुबुळाभोवती पांढरी कडी, चुन्यानं ओढल्यासारखी. मॅडमनी असल्या कडीचं चित्र दाखवलं होतं. मी तिथंच पाहत उभी राहिले. बोरकर आरशातून म्हणाले, "रंजीताबाई, घंटी मारा, लोकं उतरून राह्यले."

चिठ्ठी दिली नाही. भित्री मी.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

प्रवीण म्हणतो डिंपलला आत्ता तपासायचं नाही. "पोट्टी दहा वर्षांची आहे. खेळते, उड्या मारते. कागदावर लिहून आलं तं तिले रोज पाहीन मी, का आता पडते का मंग पडते."

मी म्हटलं, "कागद नाही आला तरी रक्तात असलंच तर असणारच."

तो उठून गेला. मलाही त्याचं पटतं आणि माझंही पटतं. वहीत दोन्ही लिहून ठेवते.

खाल्लं: पानग्या, चटणी. भूक नाही.

१ डिसेंबर, रविवार

शेवटी मी गेले.

आईला सांगितलं, काकांकडे जाते. वाटलं ती ओरडेल. ती म्हणाली, "ओलं खोबरं टाकून झिंगे केले आहेत, डबा नेतीस का?" मग लगेच, "नोको. राहू दे."

काका अंगणात खाटेवर सुतळी ओढत होते. मला पाहिलं आणि सुतळी हातातून सुटली. काकूंनी खुर्ची आणली, ती पुसली, पुन्हा पुसली. अमर दारात उभा, दार भरून.

मी उभ्याउभ्याच सांगितलं. आजार आहे. बाबांच्या रक्तातून आला. आबाजींनाही असणार. तुम्हालाही असू शकतो, अमरलाही. कोणी तुमच्याकडे आलं नाही म्हणून मी आले.

काका म्हणाले, "म्हणजे सोमाजीले... माहा भाऊ..." आणि थांबले. "मी बोललो म्हणून नाई मेला तो?"

"नाही काकाजी."

"तिथं लिहिलं आहे तसं?"

रिपोर्टमध्ये तसं काही लिहिलेलं नसतं. माझं नाव, जनुकाचं नाव, आकडे. सगळं इंग्रजी. पण मी म्हटलं, "हो, लिहिलं आहे."

"वाच."

मी इंग्रजी वाचलं. कंडक्टरच्या परीक्षेपुरतं इंग्रजी माझं, अडखळत वाचलं. काका हात जोडून ऐकत होते, पोथी ऐकावी तसे. संपल्यावर म्हणाले, "आणखी एक डाव वाच."

दुसऱ्यांदा वाचलं. ते उठून मागच्या हापशावर गेले. हापसा चालू राहिला, बंद झाला, पुन्हा चालू राहिला. तोंड धुवायला माणसाला इतका वेळ कशाला लागतो? परत आले तर सदरा छातीपर्यंत ओला.

तोवर अमरनं माझ्यासमोर चहा ठेवला. म्हणाला, "ताई, तुले चालते ना साखर? का ते बी बंद?" मला ताई म्हणायला त्याला तालमीची गरज लागली नाही.

मी विचारलं, "रक्त देशीन ना?"

तो स्टेजवरच्या आवाजात गरजला, "या दुर्जनसिंगाचं रक्त कोणी काढलं नाई आजपर्यंत!" आणि मग साध्या आवाजात, "सुई मोठी राह्यते का वो ताई?"

८ डिसेंबर, रविवार

काका, अमर आणि डिंपल, तिघांचं रक्त दिलं. हो, डिंपलचंही. मॅडमनी आधी तिलाच समोर बसवून गाडी-स्टॉपची गोष्ट सांगितली आणि विचारलं, तुला तपासायचंय का? डिंपल म्हणाली, "मले आधी सांगा, आईचा स्टॉप कोणता बंद आहे?" प्रवीण हसला आणि सही केली. घाबरलेला प्रवीण आणि हसलेला प्रवीण दोन्ही एकाच वेळी दिसले.

सुईपाशी अमरला चक्कर आली. खरोखर. शंभर किलोचा खलनायक बाकावरून हळूहळू खाली सरकत गेला. तीन नर्सांनी पंखा घातला.

पण काकांचं हसण्यासारखं नव्हतं. डॉक्टरांनी छातीचा ईसीजी काढला, विचारलं चढावर दम लागतो का. काका म्हणाले, "लागते, पोती उचलताना. वय झालं." डॉक्टर म्हणाले, वय नाही, आजच नागपूर.

काकू रडायला लागल्या. काका मला म्हणाले, "रंजू, तू येतेस?"

बाईची रंजू झाली.

१२ डिसेंबर, गुरुवार

चार दिवस नागपूरला. मुख्य नळी नव्वद टक्के बंद होती. हाताच्या शिरेतून तार घालून स्प्रिंग बसवली. तासाभरात काम झालं. डॉक्टर म्हणाले, महिना-दोन महिने उशीर झाला असता तर आणलंच नसतं तुम्ही.

मी हे आईला फोनवर सांगितलं. तिनं विचारलं, "झोपला का तो आता?"

"हो."

"पांघरूण आहे का त्याच्या अंगावर? नागपूरले थंडी राह्यते."

खाल्लं: दवाखान्याच्या कँटीनमध्ये इडली. प्रवीणनं डबा पाठवला होता, त्यात भाजलेले बोंडे! आप्प्याच्या भांड्यात, थेंबभर तेलात. तो स्टँडवर आता दोन प्रकार ठेवणार आहे म्हणे. चव खरं सांगायचं तर ठीकठीक. त्याला खूप छान सांगितलं.

३१ डिसेंबर, मंगळवार

काका अजून घरीच, विश्रांती. शेवटून दुसऱ्या सीटवर आज कोणी परकी बाई कोंबडी घेऊन बसली होती. मला उगाच राग आला. कोंबडीचं काय चुकलं.

माझं स्वतःचं कोलेस्टेरॉल गोळीवर १३८ झालं. डॉक्टरांनी दुसरी गोळी जोडली. आणखी खाली आणायचंय.

१२ जानेवारी, रविवार

दोघांचे रिपोर्ट. डिंपलचा अजून नाही, नमुना पुन्हा लावावा लागला.

काका: आहे. तोच दोष, त्याच जागी, जो माझ्यात.

अमर: नाही.

सगळ्यांनी उलटं धरलं होतं. रोज बारा बोंडे खाणारा अमर साफ, आणि मुठीएवढा भात खाणारे काका पकडले गेले. मला वाटलं अमर नाचेल. पण बाहेर पेरूच्या गाडीपाशी तो मला म्हणाला, "ताई, बाबाले आहे, तुले आहे, डिंपलचं मालूम नाई. अन् मी एकटा सुटलो. बरं नाई वाटून राह्यलं."

मी मॅडमना सांगितलं, त्या म्हणाल्या असं पुष्कळांना होतं, त्यात चूक काही नाही. अमरला त्यांनी काम दिलं. मोहटोल्यात आणि आजूबाजूला मारबते आडनावाची जेवढी घरं असतील तेवढी शोधायची आणि शिबिराला आणायची. "लोक तुमचं ऐकतील," म्हणाल्या.

"ऐकतीन नाई, भेतीन," अमर म्हणाला. पण खूश झाला.

२ फेब्रुवारी, रविवार

अमरनं सव्वीस घरं शोधली. आरमोरीपर्यंत सायकलरिक्षावर भोंगा लावून फिरला: "मारबते घराण्याच्या लोकांनो, तुमचं रक्त तुमच्याशी दगा करून राह्यलं!" एका म्हाताऱ्यानं त्याला दगड मारला, जादूटोण्याचा माणूस समजून. दुसऱ्या घरी तीन भाऊ पस्तिशीत गेलेले निघाले. तिथं भोंगा बंद करून तो दोन तास ओसरीवर बसला.

९ फेब्रुवारी, रविवार

आज शिबिर झालं, मोहटोल्याच्या शाळेत. लिहिताना बोटं दुखतायत, दिवसभर नावं लिहिली. त्रेपन्न माणसं आली.

सकाळीच मॅडमनी मला बाजूला घेतलं. डिंपलचा रिपोर्ट. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि कळलं.

आहे.

मी वर्गाबाहेर ओट्यावर बसले. प्रवीण शेजारी. आम्ही दोघांनी रिपोर्ट धरला होता, एकेक कोपरा. तो म्हणाला, "आता काय करावं?" मग स्वतःच म्हणाला, "तुह्या बाबाले उणचाळीस वर्षं कोणी सांगतलं नाई. हिले दहाव्या वर्षी कळलं. म्हणजे हिच्याजवळ लय टाइम आहे. लय." असं त्यानं चार-पाच वेळा म्हटलं. पाचव्या वेळेला मलाही पटलं.

डिंपलला मॅडमनीच सांगितलं, आम्ही दोघं बाजूला. डिंपल म्हणाली, "मंग मले बी गोळी?"

"हो. लहानशी. डॉक्टर सांगतील तेव्हापासून."

"अन् लगोरी?"

"खेळायची. जास्त खेळायची."

ती पळत गेली आणि शाळेच्या अंगणात खेळणाऱ्या सगळ्या पोरींना सांगून आली की तिच्या गाडीचे अर्धे स्टॉप बंद आहेत. दोघीजणी हिरमुसल्या की आमचे का नाहीत.

दुपारी मॅडमनी फळ्याशेजारी मोठा कागद लावला आणि आमच्या घराण्याचं झाड काढायला घेतलं. बाईला गोल, माणसाला चौकोन. आजार असेल तर रंगवायचं, माणूस गेलेला असेल तर त्यावर तिरपी रेघ. कोण कोणाचा हे सगळ्यांत जास्त माहीत आईला, म्हणून तिला खुर्ची देऊन पुढं बसवलं होतं. ती सांगत होती, मॅडम काढत होत्या. आबाजींचा चौकोन, रंग, रेघ. बाबांचा चौकोन, रंग, रेघ. आई ती रेघ ओढली जाताना पाहत होती. मग मॅडमनी बाबांच्या बाजूला दुसरा चौकोन काढला, रंगवला, आणि स्केचपेन खाली टेकवून विचारलं, "हे कोण?"

काका मागच्या बाकावर होते. शाळेचं लहान बाक, गुडघे छातीशी.

आई म्हणाली, "दादाजी. ह्याच्या पाठचा. माहा देवर." आणि मॅडमचा हात पेनासकट धरून, "याच्यावर रेघ नोको मारू हं बाई. हा जिता आहे."

मॅडम म्हणाल्या, "नाही मारत."

"नीट पाह्य. रंग दे, पण रेघ नोको."

मग ती उठली. घरून आणलेलं मोठं पातेलं मागच्या व्हरांड्यात होतं, सगळ्यांसाठी भात आणि झिंग्यांचा रस्सा. तिनं पहिलं ताट वाढलं, ते घेऊन बाकांच्या मधून शेवटपर्यंत चालत गेली आणि काकांच्या समोर ठेवलं. शेजारी पाण्याचा गिलास.

"भाऊजी, जेवा," ती म्हणाली. "भात थंडा होते."

काकांनी ताटाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. पहिला घास उचलला आणि पुन्हा ताटात ठेवला. आई खाली बसली, गिलास उचलून त्यांच्या हातात दिला आणि ते पाणी पिऊन होईपर्यंत तिथंच बसून राहिली.

मग ते जेवले. दोनदा भात मागून घेतला.